केंदूरच्या कोरड्या विहिरीत 'हाय' कोण म्हणालं?

मी क्वालिटीमध्ये काम करतो. म्हणजे समोर आलेला प्रत्येक पार्ट खराबच आहे असं धरून चालायचं, आणि तो चांगला आहे हे त्यानंच सिद्ध करायचं — हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यात आमचं घर आंबेडकरी. नवस नाही, उतारा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. लहानपणी आई भुताची गोष्ट सांगायला लागली की वडील म्हणायचे, "पोराला अभ्यासाचं काहीतरी सांग." त्यामुळे या सदरातले तुमचे अनुभव वाचताना मी आजवर फक्त चुका काढत आलोय... याला ताप असेल, त्यानं घेतली असेल, हिचा डोळा लागला असेल. आता माझाच लिहायला बसलोय, तर तुम्हीही चुका काढा. खरं सांगायचं तर त्यासाठीच लिहितोय. कुणाला एखादी सापडली तर मला बरं वाटेल.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. मी मूळचा येरवड्याचा. कॉलेजात असताना सुळके चढायचा नाद लागला आणि नोकरी लागल्यावरही सुटला नाही. नोकरी शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात, राहायला शिक्रापुरातच रस्त्यालगतची एक खोली. ट्रक गेला की मांडणीवरची भांडी वाजायची. आठवड्याला शिफ्ट बदलायची, सुट्टी मंगळवारी. पुण्यातले माझे चढणारे मित्र मोकळे असायचे रविवारी. दोर होता, कमरेला बांधायचा हार्नेस होता, हात शिवशिवत होते, आणि दोर धरायला माणूस नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — चढायला दोघं लागतात. एक चढतो, दुसरा दोर धरतो. याला बिले देणं म्हणतात. चढणारा निसटला की दुसरा दोर आवळतो. दुसरा नसेल तर दोर वर पक्का बांधून खाली सोडायचा आणि कमरेला एक यंत्र अडकवायचं. आपण वर चढू तसं यंत्र दोरावरून वर सरकतं, खाली पडलो की दोराला चावून बसतं. सेल्फ-बिले. म्हणजे स्वतःचा दोर स्वतःच धरायचा. ऐकायला सोपं आहे. पण कुठलं यंत्र घ्यायचं यावर मी त्या वर्षी जेवढा विचार केला तेवढा लग्न करतानाही केला नव्हता.

तीन गोष्टी जमवल्या होत्या. एका दुपारी त्या पलंगावर मांडून मी रंजनाला समजावत होतो. रंजना म्हणजे माझी बायको, माहेर दौंड तालुक्यातलं राहू. तेव्हा तिला पाचवा महिना होता, आणि तोवर तिनं माझ्या या नादाकडे काणाडोळा केला होता.

"ही प्रुसिकची गाठ," मी म्हणालो. "बारीक दोरी मोठ्या दोराला गुंडाळायची. भार आला की आवळते. पण दर वेळी हातानं वर सरकवावी लागते. आणि माणूस पडताना घाबरून नेमकी तीच मुठीत धरतो. मुठीत धरली की ती आवळत नाही."

"मंग?"

"हा जुमार. आपोआप वर जातो. पण आत दात आहेत. झटका बसला तर दोराचं साल काढेल. आणि हे तिसरं..." ते एका मित्राच्या भावानं जर्मनीहून आणलं होतं. मुठीत मावेल एवढं, दात नसलेलं, आत एक गुळगुळीत कॅम, म्हणजे दोराला दाबून धरणारी फिरती चकती. मला ते बघताक्षणी आवडलं होतं. आवडलेल्या वस्तूवर जास्त संशय घ्यायचा, ही माझी कामातली सवय.

रंजनानं तिन्ही हातात घेऊन बघितल्या. मग म्हणाली, "ह्यातलं बोलतं कोंचं?"

"म्हणजे?"

"आप्पांच्या टोळीत हिरीत उतरलेला मानूस दोरावर भार टाकायच्या आदी इचारायचा — हाय का? वरनं 'हाय' आलं की मंग पाय उचलायचा. मंग तो गडी नवा आसू द्या, न्हाईतर मुकादम."

आप्पा म्हणजे माझे सासरे. उमेदीत विहिरी खोदायची कामं घ्यायचे. राहूपासून पार शिरूरपर्यंत त्यांच्या टोळीनं खोदलेल्या विहिरी आहेत, काही भरलेल्या, काही कोरड्या.

"यंत्र बोलत नाही गं. ते फक्त धरतं."

"मंग ते धरतंय, हे तुमाला पडायच्या आदी कसं कळनार?"

खरं तर क्वालिटीवाल्याला हा प्रश्न आवडायला हवा. मला राग आला. मी कॅमचं स्प्रिंग, दोराची जाडी, काय काय सांगत सुटलो. ती ऐकून घेत होती आणि पोटावरचा पदर सारखा करत होती. शेवटी म्हणाली, "माजं येकच म्हननं हाय. इचारायचं. हसू आलं तरी इचारायचं. इचारल्याबिगर पाय उचलायचा न्हाई. ह्याला बाप बघू द्या."

मी हो म्हणालो. बायकोची समजूत काढायची म्हणून म्हणालो, पण हो म्हणालो.

गंमत म्हणजे आप्पा माझ्या बाजूनं निघाले. पुढच्या सुट्टीला आम्ही राहूला गेलो. आप्पांच्या अंगणात त्यांची जुनी यारी अजून उभी होती, म्हणजे विहिरीतून गाळ-दगड वर काढायचा तो लोखंडी सांगाडा. मी तिला दोर बांधला, माझ्या वजनाएवढं वाळूचं पोतं भरलं आणि एकेक यंत्र लावून पोतं सोडून द्यायला लागलो. आप्पा बाजेवर बसून बघत होते.

"ब्येस हाय," ते म्हणाले. "मानूस काय धरतोय? दोर हातात आसला की त्याला तंबाकू मळायची आठवन व्हती. यंत्राला तंबाकू लागत न्हाई."

जुमारनं खरंच दोराचं साल सोललं, आतले पांढरे धागे बाहेर आले. गाठीनं धरलं, पण ती इतकी आवळली की सोडवायला पक्कड लागली. तिसऱ्यानं अलगद धरलं. दोरावर फक्त एक चकचकीत डाग. पुन्हा पुन्हा टाकून बघितलं, दर वेळी तेच. आतून रंजना बघत होती. पोतं खाली आलं की ती नजर वळवायची.

तिसऱ्यात एकच खोड होती, आणि ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ते यंत्र दोरावरून आपोआप सरकायला खालचा दोर ताणलेला लागतो. ताण नसेल तर यंत्र सरकत नाही. आपल्याबरोबर दोरालाच वर घेऊन जातं, आणि वरच्या अंगाला सैल दोराचा झोळ साठत जातो. चढणाऱ्याला ते कळतही नाही. पडला की आधी तो सगळा झोळ संपेपर्यंत पडणार, आणि मग यंत्र धरणार. उपाय सोपा आहे — दोराच्या खालच्या टोकाला वजन टांगायचं. मी तेलाचा रिकामा कॅन पाण्यानं भरून टांगायचो.

आता जागा. शिरूर-दौंड म्हणजे सपाट मुलूख, कडे कुठून आणणार? पण केंदूरला आप्पांनीच खोदलेली एक विहीर होती. खोल, चौफेर काळा कातळ, आणि पाण्याचा थेंब नाही. मालकांनी नाद सोडून बोअर मारला होता. सुरुंगाच्या भोकांचे चर, कपारी, मधेच बाहेर आलेले टप्पे... चढणाऱ्यासाठी आयती भिंत. फक्त एका जागी सांभाळायचं. भिंतीच्या मध्याच्या जरा वर टोळीची एक पहार कातळात अडकून तुटली होती, तिचं टोक हातभर बाहेर आलेलं. आणि चढाईतली सगळ्यात अवघड जागा नेमकी त्या पहारीच्या वर. तिथून दोन-तीन फूट जरी खाली आलात तरी थेट तिच्यावर.

वाळूच्या पोत्यावर पास झालेलं यंत्र मी आधी त्या विहिरीत खालच्या खालीच वापरून बघितलं. दर वेळी चढायच्या आधी "हाय का?" म्हणायचो. विहिरीतून "का... का..." असा आवाज परत यायचा. मला हसू यायचं. घरी आल्यावर रंजना विचारायची, "इचारलं का?" मी म्हणायचो, विचारलं. "काय म्हनलं?" काही नाही म्हणालं. "बरं," म्हणायची.

मग तो मंगळवार. फेब्रुवारी होता, ऊन चटके देणारं नव्हतं. पूर्ण भिंत चढायची असं ठरवूनच मी मोटरसायकलवर केंदूरला गेलो. मळ्याचे मालक, त्यांना सगळे आबा म्हणायचे, छपराखाली कांदे निवडत बसले होते. मी विहिरीच्या काठावरच्या लिंबाला दोर बांधला, चपला काढून शूज घातले, कॅन भरून आणला, त्याला दोरीचा फास घातला. इतक्यात आबांनी हाक मारली, "पावनं, च्या निवतोय."

चहा घेतला. कांद्याचा भाव, माझी कंपनी, यंदाचा पाऊस, असं बोलणं झालं. परत आलो, दोर खाली सोडला आणि दोरावरून उतरलो.

तळाला रुईची झुडपं माजली होती. दोराचं टोक त्या झुडपात गेलं होतं. भिंतीचा वरचा भागच उन्हात, तळ सावलीत. मी यंत्र लावलं, नेहमीसारखा दोर ओढून बघितला — खालून ताण होता. म्हणजे कॅन टांगलेला आहे, असं धरून मी भिंतीला हात लावला आणि म्हणालो, "हाय का?"

"हाय."

मी थबकलो. आवाज बाईचा की पुरुषाचा हे सांगता येणार नाही. विहिरीत कुठलाही आवाज घुमून वेगळाच होतो, तो वरून आला की खालून हेही कळत नाही. पण माझा प्रतिध्वनी नव्हता. मी 'हाय' म्हणालोच नव्हतो. मी वर बघितलं. आभाळाचा गोल, लिंबाची फांदी, बाकी काही नाही. कुणीतरी काठावर येऊन माझी मजा करतंय असं वाटून मी हसलोसुद्धा, आणि पाय उचलला.

"थांब," आवाज आला. "चप्पल."

मला वाटलं, कोणीतरी माझ्या चपलांशी खेळतंय. मी ओरडलो, "ओ, चपला राहू द्या तिथंच!" उत्तर आलं नाही. मात्र तेवढ्यात कमरेजवळचा दोर जरासा सैल पडला आणि पुन्हा ताणला गेला. कुणी हातातला दोर सोडून परत धरल्यावर होतो तसा. कॅन झुडपात अडकून सुटला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. जरा थांबलो. मग चढायला लागलो.

यंत्र छान सरकत होतं. हे मी नक्की सांगू शकतो, कारण मी दर थोड्या वेळानं वर बघत होतो. दोर सरळ होता, झोळ नव्हता. पहार ओलांडली. तिच्या वर डाव्या हाताला एक कपार आहे, तिच्यात बोटं घातली, उजवा पाय उचलला आणि... धरलेला दगडाचा टवका निघाला. पूर्ण निघाला. मी पाठमोरा हवेत गेलो. त्या क्षणी पोर-बाळ, बायको, आई, काही आठवलं नाही. फक्त पहार आठवली.

वीतभर खाली गेलो असेन. दोर ताणला जातो तेवढाच. यंत्रानं धरलं होतं. पहारीचं टोक माझ्या पोटरीला शिवत होतं — टोचत नव्हतं, शिवत होतं. मी तसाच लोंबकळत राहिलो. यंत्राला शाबासकी दिली. अगदी तोंडानं "शाब्बास" म्हणालो. मग उरलेली भिंत कशीबशी चढून काठावर आलो आणि तिथं दगडावर पाण्यानं भरलेला कॅन होता.

गळ्यातल्या फासासकट. जिथं चहाला जाताना ठेवला होता तिथंच. शेजारी माझ्या चपला, कुणी हात न लावलेल्या.

मी त्या कॅनकडे किती वेळ बघत बसलो कोण जाणे. मग वाकून विहिरीत बघितलं. दोर काठावरून खाली सरळ गेला होता. नुसता लोंबत असलेला दोर हलतो, वळतो. हा हलत नव्हता. खाली कुणीतरी ओढून धरल्यासारखा ताठ होता. मी बघत असतानाच तो सैल पडला. झटक्यानं नाही, हळूच. काम झालं की आपण हातातली दोरी खाली ठेवतो, तसा.

मी दोर वर ओढून घेतला. टोक रिकामं होतं. ना काटा अडकलेला, ना फांदी.

आबांकडे गेलो तेव्हा माझा चेहरा बघून ते उठलेच. मी विचारलं, "इकडं कुणी आलं होतं का? बाई, पोरगं, कुणी?"

"मी हितंच बसलोय की. कुत्रंबी फिरकलं न्हाई. का वो? काय चोरीला गेलं का?"

मोटरसायकल चालवताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ती 'हाय'ची नव्हती, 'थांब'ची होती. त्या भागात मला 'थांब' म्हणणारं कुणीच नव्हतं. आबा 'पावनं' म्हणायचे. सासरवाडीला मी जावई, सगळे अहो-जाहो करणार, रंजनासुद्धा. वडील गेलेले. मला 'तू' म्हणणारं जगात एकच घरचं माणूस होतं, माझी आई. शिक्रापुरात शिरल्या शिरल्या मी एसटीडी बूथवर गाडी थांबवली आणि येरवड्याला शेजारच्या दुकानात फोन लावला. आई येईपर्यंत मीटरकडे बघत उभा होतो.

"काय रे? रंजनाला बरंय ना?" आई धापा टाकत आली.

"तुला बरंय ना?"

"मला काय धाड भरलीय? दळण टाकून आले अर्धं. काय झालं?"

काही नाही म्हणून फोन ठेवला. तिला धडधाकट बघून — ऐकून — बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण मग कोण?

रंजनाला सगळं सांगितलं. तिच्यापासून लपवता येणार नव्हतं, गुडघे खरचटले होते. ती गवार मोडत होती. मला वाटलं रडेल, भांडेल, दोर जाळून टाकेल. तिनं हातातली शेंग खाली ठेवली आणि विचारलं, "थांबा म्हनलं का थांब?"

"थांब."

"मंग घरचंच हाय कुनीतरी," ती म्हणाली, आणि पुन्हा गवार मोडायला लागली. मग म्हणाली, "इचारलंत म्हनून थांबलात. न्हाईतर चपलेचं कुनी सांगितलं नसतं." याचा अर्थ मला लागला नाही, बहुतेक तिलाही नसावा.

पुढचे काही आठवडे मी नीट जेवलो नाही. यंत्र कंपनीत नेऊन मोजलं. स्प्रिंग, कॅम, सगळं जागच्या जागी. नुसत्या स्वतःच्या भारानं दोर ताणला जाईल का, हे बघायला दोराचंही वजन केलं. मग न राहवून आप्पांना घेऊन पुन्हा केंदूरला गेलो. जाताना भीत भीत विचारलं, "आप्पा, त्या विहिरीत कधी कुणी..."

आप्पांनी गाडीवरच माझ्या खांद्याला दाबून गाडी थांबवायला लावली. "जावयबापू, ती हीर मी खांदलीया. पानी लागलं न्हाई, तेवढा येक डाग हाय. पर मानूस सोडा, तिथं कुनाचं नख तुटलं न्हाई. मला जयभीम घालता आन् भुताचं इचारता व्हय?"

मी माफी मागितली. विहिरीवर कॅन न टांगता, तोच दोर, तेच यंत्र, तीच भिंत, पहारीच्या खालपर्यंत चढून बघितलं. आप्पा काठावर बसून होते. यंत्र सरकलं नाही. जेवढा चढलो तेवढा दोर वर आला, झोळ साठला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. टोक मुद्दाम रुईत अडकवून बघितलं — दोर दोन पावलांत अडकून बसला, मला चढूच देईना. मी प्रत्येक वेळी "हाय का?" म्हणत होतो. शेवटी आप्पा वैतागले, "आवो मी हाय की हितं वर, आजून कोन पायजे तुमाला?"

म्हणजे ट्रायल जेवढ्या घेतल्या तेवढ्या फेल. पास झाली ती एकच, जिच्यावर मी जिवंत आहे. असा रिपोर्ट माझ्या साहेबांकडे नेला असता तर त्यांनी तो तोंडावर फेकला असता.

त्यानंतर मी विहिरीत उतरलो नाही. कुणी मना केलं म्हणून नाही. मला तिथं पुन्हा विचारायची भीती वाटत होती. उत्तर आलं तर काय, आणि नाही आलं तर काय, दोन्हीची. यंत्र खिळ्याला अडकवून ठेवलं ते तिथंच राहिलं. पण विचारायची सवय मात्र लागली. प्रेस चालू करायच्या आधी, रस्ता ओलांडताना, शिडीवर पाय ठेवताना मी आपला पुटपुटतोय, हाय का. कारखान्यात पोरं चिडवायची, "साहेब मशीनला हाय-हॅलो करतात." हसायचो मीही.

पावसाळ्यात आम्हाला मुलगी झाली. प्रज्ञा. आप्पा तिला प्रग्या म्हणायचे आणि शाळा सुरू होईपर्यंत ती निम्मा वेळ त्यांच्याकडेच असायची. त्यामुळे शाळेत शुद्ध बोलते आणि घरी आप्पांचं. रंजना पुष्कळ ओरडायची, "आहे म्हन, हाय न्हाई." पोरगी म्हणायची, "तू आदी म्हन."

ती चौथीत असतानाची गोष्ट. तोवर शिक्रापुरातच आम्ही घर बांधलं होतं, वर एक मजला. शेजाऱ्यानं आमच्या भिंतीला जेमतेम माणूस जाईल एवढा बोळ सोडून त्याचं बांधकाम उठवलं. त्या बोळातला आमचा पाइप फुटला आणि घराला ओल यायला लागली. शिडी बसत नव्हती, प्लंबर बघून निघून गेला. मग इतक्या वर्षांनी मी खिळ्यावरचं यंत्र काढलं. गच्चीच्या खांबाला दोर बांधला, पहिल्या मजल्याच्या छज्ज्यापर्यंत उतरलो, पाइप जोडला. आता परत चढायचं होतं. दोराच्या टोकाला वजन हवं होतं, आणि जुन्या कॅनमध्ये रंजनानं फिनेल भरून ठेवलेलं.

"मी धरते की पप्पा," प्रज्ञा खालून म्हणाली.

तिच्यावर माझा भार येणार नव्हता, दोर नुसता ताणून धरायचा होता. रंजना गच्चीवर खांबाजवळ उभी होती. छज्ज्यामुळे मला खालचं काही दिसत नव्हतं. मी यंत्र लावलं, भिंतीला हात टेकला आणि सवयीनं म्हणालो, "हाय का?"

"हाय."

दोन भिंतींच्या मधून आवाज घुमून आला. मी पाय उचलत होतो.

"थांब," ती म्हणाली. "चप्पल."

कमरेजवळचा दोर जरासा सैल पडला आणि पुन्हा ताणला गेला.

मी कपाळ भिंतीला टेकवून उभा राहिलो. वर बघितलं तर रंजना कठड्यावरून वाकली होती. तिला सगळं आठवत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आजही त्यावर आम्ही फारसं बोलत नाही. बोलायला लागलो की एका वाक्यापुढं जात नाही.

तुम्ही म्हणाल, आवाजाचा भास, योगायोग, इतक्या वर्षांनी आठवणीत शब्द बदलतात. मी यातलं सगळं स्वतःला सांगून बघितलंय. शब्द बदलले नाहीत, रंजना साक्षीदार आहे. आणि समजा बदलले, तरी त्या मंगळवारी कॅन दगडावर होता आणि मी पहारीवर पडलो नाही, हे उरतंच. मला याचं स्पष्टीकरण देता येत नाही. कुणी दिलं तर ऐकेन, पण ते मिळावं अशी इच्छा आहे की नाही, हे आताशा मला सांगता येत नाही. प्रज्ञाला आम्ही यातलं काही सांगितलेलं नाही.

त्या दिवशी मी एवढंच विचारलं, "काय झालं गं?"

"चप्पल निसटली व्हती. घातली. चल तू."

"नीट धरलायस ना?"

"धरलाय की," खालून कंटाळलेला आवाज आला. "कवाचा धरलाय."